शेंगेन व्हिसा: सातबारावाल्या आई-वडिलांसाठी ही सेवा कशी आहे?

लातूर, नांदेड, जालना, बीडची पोरं शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत गेली की वर्ष-दोन वर्षांत आई-वडिलांना बोलावतात. त्यासाठी लागतो तो शेंगेनचा अल्प मुदतीचा व्हिसा, म्हणजे टाइप सी. युरोपातल्या २९ देशांचा हा एकच व्हिसा आहे. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसूनही यात आहेत, आयर्लंड संघात असूनही नाही.

सेवा म्हणून पाहिलं तर पाचपैकी साडेतीन. नियम लेखी आहेत, सगळ्यांना सारखे आहेत आणि वशिला लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. दीड गुण कापला तो एवढ्यासाठी की ही सगळी व्यवस्था पगारदार माणूस डोळ्यापुढे ठेवून बांधलेली आहे. पगाराची स्लिप, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), साहेबाचं रजा मंजुरीचं पत्र. वीस एकराच्या शेतकऱ्याकडे यातला एकही कागद नसतो. माणूस भक्कम असतो, फाइल मात्र लुळी दिसते.

आधी खर्च आणि वेळ. ११ जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे, ६ ते १२ वयाच्या मुलांची ४५ युरो, त्याखाली माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. एसएमएस, खास बसायची खोली, फॉर्म भरून देणं यासाठी पैसे मागितले तर ते ऐच्छिक आहे, नको म्हणता येतं. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करायचा. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबतो. मराठवाड्यात अर्ज घेणारं केंद्र नाही, मुंबई किंवा पुणं गाठावं लागतं. साठी ओलांडलेल्या माणसांना दहा बोटांच्या ठशांसाठी रात्रभर प्रवास करायला लावणं बरोबर नाही. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, एवढाच दिलासा. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन ठसा पकडत नाही, हे आधारच्या वेळी बहुतेकांनी पाहिलं असेल. आठवडाभर आधीपासून रोज रात्री हाताला तेल किंवा व्हॅसलीन लावा. केंद्रात जाताना मात्र हात धुऊन, कोरडे करून जा.

आता मुद्द्याची गोष्ट. मुलगा जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढतो. जर्मन नाव फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग, फी २९ युरो. त्याच्या पगाराच्या स्लिपा, नोकरीचा करार, घरभाडे करार पाहून ते मिळतं. विद्यार्थ्याला बहुधा मिळत नाही, कारण तेवढं उत्पन्नच नसतं. सहा महिन्यांच्या आत ते अर्जाला लावायचं आणि मूळ प्रत कुरिअरने मागवायची, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर विसंबू नका. इथंच बहुतेक घरं निर्धास्त होतात आणि फसतात. हमीपत्रानं 'खर्च कोण करणार' एवढंच सिद्ध होतं. व्हिसा अधिकाऱ्याचा दुसरा प्रश्न असतो: ही माणसं मुदतीत परत जातील का? नकाराच्या छापील फॉर्मवर याच रकान्यात खूण येते, मुलाचा पगार कितीही असो.

परत येण्याचा पुरावा म्हणजे तुमची शेती. पण ती अधिकाऱ्याला वाचता आली पाहिजे. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, सोबत आठ-अ घ्या म्हणजे एकूण धारणा एका कागदावर दिसते. दोन्हीचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करा. भाषांतरात गट क्रमांक, क्षेत्र आणि पीकपेरा सुटता कामा नये. हेक्टर-आर तसेच ठेवून शेजारी एकर लिहा (१ हेक्टर म्हणजे २.४७ एकर). खातं सामाईक असेल तर आपला हिस्सा किती ते वेगळं लिहा, नाहीतर चार भावांच्या नावांत अर्जदार शोधत बसावं लागतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लावा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आयकर रिटर्न भरलेलं नसतं, हे कव्हरिंग लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात, एका ओळीत सांगा. न सांगितलं तर रिटर्न नाही म्हणजे उत्पन्नच नाही, असं वाचलं जातं.

बँकेचं स्टेटमेंट देशागणिक तीन किंवा सहा महिन्यांचं मागतात, शिक्का आणि सहीचं. पासबुकाची झेरॉक्स देऊ नका. सगळ्यात घातक चूक म्हणजे अर्जाच्या आठ दिवस आधी पाहुण्याकडून पाच लाख घेऊन खात्यात टाकणं. ती रक्कम लगेच डोळ्यात भरते. पण सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास खरोखरच एकदम येतात. तेव्हा प्रत्येक मोठ्या जमेला आडत्याची पट्टी किंवा कारखान्याचं ऊसबिल जोडा, त्या कागदावर क्रमांक टाका आणि स्टेटमेंटवर त्या नोंदीला तोच क्रमांक द्या. एवढ्यानं संशयाची रक्कम पुराव्याची होते. पीककर्जाचं खातं पुढे करू नका, बचत खातं द्या.

कव्हरिंग लेटर एक पान पुरे. कोणाकडे, किती दिवस, कोणत्या तारखा, मागे शेत कोण पाहणार. परतीची तारीख मृगाच्या आधीची ठेवा आणि लिहा की जूनमध्ये खरिपाची पेरणी आहे. नोकरदाराच्या रजेच्या पत्राचं काम ही एक ओळ करते, शिवाय ती शंभर टक्के खरी असते. अडचण अशी की एप्रिल-मेसाठीच सगळ्यांची झुंबड उडते. उन्हाळ्यात जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच तारखेच्या मागे लागा. विमानाचं नुसतं आरक्षण चालतं, व्हिसा हाती येईपर्यंत पूर्ण पैसे भरू नका.

नावांचा घोळ आपल्याकडे हमखास. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. पासपोर्टवर जुनं नाव, आधारवर नवं. जन्मठिकाण फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणेच लिहायचं, बदलाचा खुलासा पत्रात करायचा. आईचं माहेरचं आडनाव 'जन्माच्या वेळचं आडनाव' या रकान्यात जातं, तो कोरा सोडू नका. सातबाऱ्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर प्रतिज्ञापत्र करा.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. मुदत १५ दिवस जास्तच घ्या.

एजंटाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. फॉर्म भरून देणारा ठीक आहे. खोटं हॉटेल बुकिंग किंवा फुगवलेलं स्टेटमेंट करून देणारा तुमचं नुकसान करतो, कारण नकाराची नोंद सगळ्या शेंगेन देशांना दिसते आणि पाच वर्षं राहते. नकारावर जर्मन वकिलातीकडे फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता बर्लिनच्या कोर्टात दावा, नाहीतर चूक दुरुस्त करून नवा अर्ज. नवा अर्जच बरा.

व्हिसा आला की स्टिकर नीट वाचा. 'पासून-पर्यंत' ही खिडकी असते, राहायचे दिवस शेजारी वेगळे छापलेले असतात. खिडकी ४५ दिवसांची आणि मुक्काम ३० दिवसांचा, असं सर्रास असतं. ३१ वा दिवस म्हणजे नियमभंग, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून ये-जा टप्प्याटप्प्यानं संगणकात नोंदली जाते, नजरचुकीला जागा नाही. उलट तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले तर भारतीयांना पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो. एप्रिल २०२४ मधला हा निर्णय आई-वडिलांसाठी खरंच मोलाचा आहे.

सामानाचं तेवढं ऐका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. घरचं तूप, कुंथलगिरीचा पेढा, खवा, सगळं विमानतळावर काढून घेतात. केशर आंबासुद्धा वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ मात्र पॅक करून खुशाल न्या.