९२ हजारांची डबी

गाडीची ताकद वाढवून घेताना मी कसा फसलो, त्याचा आधी हिशेब मांडतो. ‘स्टेज वन रिमॅप’ (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, ईसीयूचं, सेटिंग बदलणं) ३० हजार, ‘कोल्ड एअर इनटेक’ १२ हजार, पुढच्या चाकांच्या, भोकं पाडलेल्या दोन ब्रेक डिस्क पॅडसकट २६ हजार, चार टायर २४ हजार. एकूण ९२ हजार रुपये, सगळे यूपीआयने, आणि बदल्यात वहीतून फाडलेली एक पावती. तिच्यावर शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. ‘पक्कं बिल घेतलंत तर उगाच २८ टक्के वर जातील दादा,’ असं दुकानदार म्हणाला आणि मला वाटलं, किती भला माणूस.

गाडी म्हणजे वापरलेली अबार्थ पुंटो. फियाटने २०१५ मध्ये ती इथे आणली. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपीची ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक. खरी स्पोर्ट्स कार घ्यायची ऐपत नसलेल्यांची स्पोर्ट्स कार म्हणा ना. पुण्याजवळ रांजणगावात बनायची. आमच्या घरात फियाट या नावाला वेगळाच मान, कारण बाबा कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. जिथे पद्मिनी बनायच्या तिथे आता कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. त्या रस्त्याने जाताना बाबा अजूनही खिडकीबाहेर बघत नाहीत.

बोनसचे लाखभर रुपये हातात होते. गाडीचं रनिंग ७० हजार किलोमीटर. डोकं ठिकाणावर असतं तर आधी शॉक ॲब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे रबरी बुश बघितले असते. पण मला आकडा हवा होता, मित्रांना सांगायला. १४५ चे १८० झाले पाहिजेत, बस.

दुकान कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या एका आतल्या गल्लीत. (या सीएसटीचा स्टेशनशी काही संबंध नाही, ही जुनी सेंट्रल साल्सेट ट्रामवे.) त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं सचोटीने धंदा करणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून मी आधीही वस्तू घेतल्या होत्या. हा मात्र नवा होता. काचेची केबिन, एसी, भिंतीवर रेसिंगचे फोटो, आणि बोलणं अस्सल कोकणातलं. ‘आपल्या माणसाला मी फसवीन का?’ हे वाक्य त्याने दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हाच उठायला हवं होतं.

लॅपटॉप जोडून काम चाललं असताना मला केबिनमध्ये कटिंग चहा देऊन बसवलं. ‘ईसीयू उघडा असताना कस्टमर जवळ नको, स्टॅटिकने उडतो.’ हे मी ऐकून घेतलं. मी, बी.एस्सी. फिजिक्स.

गाडी हातात आली आणि खरंच उडाली! ॲक्सिलरेटरला नुसता अंगठा टेकवला तरी उसळायची. मुलुंडपर्यंत मी एकटाच हसत आलो. दुसऱ्या दिवशी बायको बसली तर म्हणाली, ‘अहो, हिला उचकी लागलीय का?’ मी म्हटलं, पॉवर आहे ती.

हे झालं २०२३ च्या मे महिन्यात. जूनच्या शेवटी पाऊस आला आणि जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) पवईच्या आसपास, पुढे बेस्टची बस थांबली म्हणून मी ब्रेक दाबला. वेग जेमतेम चाळीस. पेडल थरथरलं, एबीएस करकरलं, आणि गाडी साबणावरून जावी तशी सरकत राहिली. बसच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली. चार नवेकोरे टायर, नव्या डिस्क, आणि ही अवस्था. हात थरथरत होते. घरी येऊन फक्त बाबांना सांगितलं.

रविवारी सकाळी बाबा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये लुंगीवर उतरले. वय ७६. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात जॅकचा दांडा. पहिलं चाक काढून त्यांनी टायर उलटा केला, कारण बाहेरच्या बाजूला तारीख नव्हती. टायरवर डॉट या अक्षरांपुढे जो लांबलचक नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. बऱ्याच टायरवर हा पूर्ण नंबर एकाच अंगाला असतो. इथे चारही टायर बरोब्बर ते अंग आत करून बसवलेले. तीन टायरवर २३१७, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं कुठल्या तरी गोदामात पडलेला माल, वरून काळं पॉलिश. चौथ्यावर आकड्यांच्या जागी घासलेला गुळगुळीत पट्टा. बाबांनी नख रुतवून पाहिलं. नख रुतलं नाही. ‘रबर नाही हे, लाकूड झालंय.’

मग डिस्क. पुढच्या डिस्कच्या दोन तबकड्यांमध्ये हवा खेळायला पाकळ्या असतात. कारखान्यात भोकं पाडतात ती पाकळ्या सोडून, मोजून, आणि प्रत्येक भोकाचा काठ थोडा उतरता करतात, नाहीतर तिथूनच तडा जातो. बाबांनी टॉर्च भोकात धरली. ‘हे बघ, अर्धं भोक पाकळीत घुसलंय. आणि काठाला बर, म्हणजे धारदार कोर, तशीच.’ त्यांनी बोट फिरवलं आणि बोटाला ओरखडा उठला. साधी डिस्क घेऊन कुणीतरी ड्रिल मशीनखाली धरली होती. एका भोकापासून केसाएवढी चीर निघालेली मला टॉर्चशिवायही दिसली. दीड महिन्यात.

डबी सापडली ती योगायोगाने. बाबा ब्रेक पेडलचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायला पायाच्या जागेत वाकले होते. ‘ॲक्सिलरेटरच्या वायरीला ही डबी कसली?’ काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी प्लॅस्टिकची, पेडलच्या कनेक्टरमध्ये घुसवून काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली. थ्रॉटल कंट्रोलर. ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळतो. तो पेडल आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि तुम्ही पाय पाव दाबलात तर ईसीयूला सांगतो की अर्धा दाबला. गाडी चपळ वाटते, इंजिनची ताकद तेवढीच राहते. पूर्ण पाय दाबलात की डबी असली काय नि नसली काय, सारखंच. आमच्या गाडीची उचकी ती हीच.

तरी मी म्हटलं, कदाचित रिमॅपही केला असेल. माणूस आशेला किती चिकटतो बघा. दुसऱ्या रविवारी पहाटे, रस्ता कोरडा बघून, आम्ही फ्रीवेवर गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८०, पाय पूर्ण दाबून, बायको मागे मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. डबी लावून तीनदा, काढून तीनदा. फ्रेम मोजल्या तर फरक एक दशांश सेकंदाच्या आत, तोही कधी इकडे कधी तिकडे. गाडी घेतली तेव्हा हौसेने काढलेला जुना व्हिडिओ होता, त्यातही तेच. ३५ बीएचपी वाढले असते तर लपून राहिले नसते.

मग दुकानदाराने दिलेला डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद काढला. तो मी फ्रेम करायचा बाकी ठेवला होता इतकंच. त्यावर ४००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे ४००० फेरे) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २६० न्यूटन मीटर आणि त्याच ठिकाणी पॉवर १७८ बीएचपी. आता या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजत नाहीत. टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि ७१२१ ने भागायचं की बीएचपी मिळते. २६० गुणिले ४००० भागिले ७१२१ म्हणजे १४६. कागदावर १७८. जगातल्या कुठल्याही इंजिनाला हे जमणार नाही. आणि वरच्या कोपऱ्यात खोलीचं तापमान १९ अंश. मे महिन्यात, कुर्ल्यात. तुम्हाला असा कागद मिळाला तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे आहे, पैसे देण्याआधी दोन-तीन ठिकाणचे आकडे घालून बघा. युनिट पाउंड-फूट असेल तर ५२५२ ने भागायचं.

इनटेकबद्दल थोडक्यात. मूळची बंद पेटी काढून इंजिनाशेजारी उघडा शंकूचा फिल्टर लावला होता. नाव कोल्ड, खेचतो रेडिएटरमागची तापलेली हवा, आणि गरम हवेत ऑक्सिजन कमी. त्यात त्याचं तोंड इतकं खाली की कुर्ल्यात एखाद्या पावसाळी संध्याकाळी इंजिनाने पाणी ओढलं असतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाबांनी तो त्याच दिवशी काढला. मूळची पेटी मी नशिबाने माळ्यावर टाकली होती.

दुकानात गेलो तर तो शांत होता. टायर आणि डिस्कवर ‘कंपनीने असाच माल दिला.’ डबीवर बोलणं आलं तेव्हा मात्र खुर्ची मागे सरकवून हसला. ‘करा ना तक्रार. आरटीओवाले आधी तुमची गाडी बघतील, मग माझं दुकान.’

इथेच या धंद्याची खरी मेख आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘ताकद वाढवून द्या’ म्हणून पैसे दिलेला माणूस ‘ताकद वाढली नाही’ म्हणून कुणाकडे जाणार? विमा कंपनीचं भय वेगळंच. त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी तसाच परत आलो.

वाट बायकोने काढली. ती म्हणाली, डबीचं सोडून द्या, टायर जुने होते ना? जुना टायर नवा म्हणून विकणं यात तुमचा काय गुन्हा? मग तक्रार फक्त टायर आणि डिस्कची केली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली, सोबत यूपीआयचे स्क्रीनशॉट, टायरच्या आतल्या अंगाचे फोटो, आणि त्याचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज : ‘फ्रेश स्टॉक, २०२३ मेड.’ पावती नसली तरी हे होतं. तिकडून त्याला विचारणा गेली, तो गप्प. मग वांद्र्याला चेतना कॉलेजजवळ ग्राहक आयोगाचं कार्यालय आहे तिथे चौकशी केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही. अर्जाचा मसुदा आणि सात दिवसांची मुदत त्याला रजिस्टर पोस्टाने पाठवली. सहाव्या दिवशी फोन आला. घासाघीस होऊन ३८ हजार परत मिळाले, दोन हप्त्यांत. बाकीचे ५४ गेले.

त्या ३८ मधलेच पैसे मग गाडीला लावले. नवे टायर अधिकृत डीलरकडून, फिटिंगआधी तारीख वाचून, पक्क्या बिलासकट. साध्या, बिनभोकांच्या डिस्क. ब्रेक ऑइल बदललं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि उकळायला लागलं की पेडल खाली जातं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश, ओलं झाल्यावर १५५, इतका फरक. बुश आणि पुढचे शॉक ॲब्सॉर्बर यांना खिशातले आणखी थोडे गेले. आकडा १४५ चाच आहे, पण खंडाळ्याच्या वळणांना गाडी आता अशी बसते की बाबा पुढच्या सीटवर डोळे मिटून घेतात. भीतीने नाही, झोप लागते म्हणून.

भोकांच्या दोन डिस्कपैकी एक भंगारवाल्याने नेली. दुसरी गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. पाणी छान निचरतं.