विधेयक थेट मंजुरीला की आधी लोकांपुढे?

विधेयक मांडून दोन-चार दिवसांत मतदान उरकणे हा एक मार्ग. मसुदा आधी लोकांपुढे ठेवून हरकती मागवणे हा दुसरा. २०२० साली कृषी विधेयके १४ सप्टेंबरला लोकसभेत मांडली गेली आणि २० सप्टेंबरला त्यांपैकी दोन राज्यसभेत, प्रवर समितीकडे (विधेयक बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे) पाठवण्याची मागणी फेटाळून, आवाजी मतदानाने मंजूरही झाली. काम झटपट झाले खरे. पण पुढे दिल्लीच्या वेशीवर वर्षभर आंदोलन चालले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हेच कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, तेही चर्चेविना, संमत झाले.

महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाची, म्हणजे नक्षलवादी वा तत्सम संघटनांच्या बेकायदा कारवायांना आळा घालण्यासाठी आणलेल्या विधेयकाची, वाट निराळी होती. डिसेंबर २०२४ मध्ये ते विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर होण्यापूर्वी उद्देशाच्या कलमातील शब्दरचना व तपास अधिकाऱ्याचा दर्जा यांत बदल झाले. गैरवापराच्या भीतीचे मूळ आक्षेप मात्र कायम राहिले, हेही नोंदवायला हवे.

तरीही माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे, कारण हरकत लेखी नोंदली गेली की ती डावलणाऱ्याला निदान कारण विचारता येते. केंद्राच्या २०१४ च्या पूर्वविधायी सल्लामसलत धोरणात मसुदा किमान ३० दिवस जाहीर ठेवण्याची अपेक्षा आहे. परंतु ते धोरण आहे, कायदा नव्हे, आणि पळवाट नेमकी तिथेच आहे.