दुपारची दुसरी गोळी की वीस मिनिटांची डुलकी?

नार्कोलेप्सीचं, म्हणजे दिवसा झोप अनावर होण्याच्या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालंय, सकाळची मोडाफिनिल, म्हणजे जागं ठेवणारी गोळी चालू आहे, आणि तरी दुपारी दीड-दोनला डोळ्यांवर झापड येतेच, अशांसाठी हे लिहितोय. या टप्प्यावर डॉक्टर साधारण दोन वाटा दाखवतात. सकाळच्या गोळीला दुपारी आणखी एकीची जोड द्यायची, नाहीतर ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटं चक्क झोपायचं. मी आधी सात महिने गोळी घेतली. आता दीड वर्ष झालं, डुलकीवर आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅच सांभाळतो. गठ्ठे मोजायचे, वजन लिहायचं, चलन फाडायचं. माझ्याकडे दुसरं मोजमाप नाही, चलनबुक हेच मोजमाप. झोप अनावर झाली तरी माझा हात थांबत नाही, तो लिहीतच राहतो. अक्षर आधी बारीक होतं, मग ओळ सोडून खाली घसरतं, आणि ‘60 डझन’ लिहायचं तिथे नुसत्या वेलांट्या उमटतात. भान आलं की हे आपणच लिहिलंय यावर विश्वास बसत नाही. अर्धवट झोपेत हात काम करत राहणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. तेव्हा खाली ‘दिवस चांगला गेला’ असं म्हटलं, तर त्या दिवशी एकही चलन रद्द करावं लागलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. तुमचं निदान तपासणीतून झालंय ना? मला आधी दोन वर्षं फिटचं औषध चालू होतं, कारण हसता हसता माझे गुडघे ढिले पडायचे आणि पाहणाऱ्याला ती फिट वाटायची. शुद्ध मात्र पूर्ण असायची, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. शेवटी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. तिथे रात्रभर पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे तारा लावून झोपेची नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशी एमएसएलटी, म्हणजे दिवसा झोप किती लवकर लागते ते मोजणारी तपासणी. त्यात दर दोन तासांनी, चार-पाच वेळा झोपायला लावतात. सरासरी 8 मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा 15 मिनिटांच्या आत स्वप्नांची झोप, म्हणजे रेम सुरू झाली, तर नार्कोलेप्सी धरतात. ज्यांची तपासणीच झालेली नाही, त्यातही जे मोठ्यानं घोरतात, त्यांनी आधी स्लीप अ‍ॅप्नियाची शंका दूर करावी. तिथे अडचण झोपेत श्वास अडखळण्याची असते. दुपारी झोपून ती सुटत नाही.

आता गोळी. तिचं मोठं सुख म्हणजे कुणाला काही सांगावं लागत नाही. डब्याबरोबर गोळी घेतली, पाणी प्यायलो, कामाला लागलो. परिणामही लांब टिकतो. संध्याकाळी सहापर्यंत चलनं स्वच्छ असायची, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. नुसतं जागं राहणंच मोजायचं असेल तर गोळी पुढे आहे. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात ते जास्तच जाणवलं, पण पाणी वाढवल्यावर कमी झालं. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाडी आणि रक्तदाब दोन्ही या गोळीनं वाढू शकतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या ताईंनी तर हे विचारल्याशिवाय राहूच नये. मोडाफिनिलमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि मोडाफिनिल बंद केल्यावरही महिनाभर दुसरी काळजी घ्यावी लागते. हे मी माझ्या चुलतबहिणीसाठी विचारलं तेव्हा कळलं. तोवर तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग सोडली का? रात्रीमुळे.

मोडाफिनिलचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण 12 ते 15 तास लागतात. दुपारी दीडला घेतलेली गोळी रात्री दीडलाही निम्मी अंगात असते. नार्कोलेप्सीत दिवसा झोप आवरत नाही आणि रात्री ती सलग लागत नाही, हे आपल्याला अनुभवानं ठाऊकच आहे. माझी रात्र आधीच तुकड्यातुकड्यांची होती, या गोळीनं तिचे आणखी तुकडे झाले. सगळं घर झोपलेलं आणि मी गच्चीवर चटई टाकून पडलेलो. डोळा लागायचा, तासाभरात उघडायचा. पहाटे कधी जाग यायची ती अंग लाकूड झालेलं असताना. हात उचलता यायचा नाही, आवाज फुटायचा नाही, पायथ्याशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. हा प्रकार मला आधीही महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचा, त्या महिन्यांत आठवड्याला दोनदा होऊ लागला. बायको घाबरून माझ्याआधी जागी होऊ लागली. सकाळी पुन्हा आदल्या रात्रीची झोप बाकी राहिलेली, म्हणून दुपारची गोळी जास्तच हवीशी वाटायची. डॉक्टरांनी वेळ दीडवरून बारावर आणली, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. गोळी घेऊनही ज्यांची रात्र शांत जाते, त्यांनी माझ्यावरून ती सोडू नये.

डुलकीचा त्रास वेगळा आहे, तो माणसांचा आहे. भर दुपारी आडवा झालेला माणूस आळशीच ठरतो. मला मालकांना सांगावं लागलं, आणि सांगताना पुण्याचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं चार ओळींचं पत्र पुढे ठेवलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांचा एक प्रकार आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावं त्यात आहेत, नार्कोलेप्सीचं नाही. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही, मी पत्रावरच भागवलं. मालकांनी एकच विचारलं, ‘‘किती वेळ?’’ मी म्हटलं, वीस मिनिटं, तीही जेवणाच्या सुट्टीतली. तेवढ्यावर मिटलं. मिटलं नसतं तर काय केलं असतं ते सांगता येत नाही. ज्यांचा वरिष्ठ असा नाही, त्यांच्यासाठी गोळीचं पारडं जड होतं, हे मला मान्य आहे.

तर सव्वाला अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी खायची, भात टाळायचा. दीडला मागच्या गोडाउनमध्ये टॉवेलच्या गठ्ठ्यांवर आडवं व्हायचं. नव्या सुताला खळीचा जो वास असतो तो नाकात, आणि शेजारच्या शेडमधला मागांचा खडखडाट कानात. त्या आवाजाचा मला त्रास होत नाही. उलट लाइट गेली आणि माग एकदम थांबले की त्या शांततेनंच जाग येते. दोन मिनिटांत स्वप्न सुरू होतं. वीस मिनिटांनी पॅकिंगच्या मावशी, पूर्व भागातल्या आहेत, पायाला हात लावून म्हणतात, ‘‘उठा की ओ दादा, गाडी लागली.’’ गाडी लागलेली असतेच असं नाही. फोनचा गजर मी झोपेतच बंद करतो, म्हणून जिवंत माणूस हवा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं तर डोकं जड होतं, आणि सगळा फायदा वाया जातो.

उठल्यावर चारपर्यंत अक्षर सरळ राहतं. साडेचारला पुन्हा दहा मिनिटं लागतात, रोज नाही. गोळीइतका लांब पल्ला मिळत नाही, म्हणून संध्याकाळी मी दुचाकीच्या भानगडीत पडत नाही. सिटी बस नाहीतर शेअर रिक्षा. पण रात्री अकराला पडलो की झोपतो. मधे जाग येते, पण गच्चीवर जावं लागत नाही. पहाटेचं अंग लाकूड होणं पुन्हा महिन्यातून एखाद्या वेळेवर आलंय.

हसताना गुडघे ढिले पडतात त्यावर या दोहोंचाही उपयोग नाही. त्याचं औषध वेगळं असतं आणि ते मनानं अचानक बंद करायचं नसतं, झटके एकदम वाढतात. दुसरं म्हणजे, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतच नसेल, तासभर झोपूनही गुंगी तशीच राहत असेल, तर तो कदाचित इडिओपॅथिक हायपरसोम्निया, म्हणजे कारण न सापडणारा अतिझोपेचा वेगळा आजार असेल. त्या लोकांना डुलकी फारशी मानवत नाही. त्यांनी हे पान उलटून डॉक्टरांशीच बोलावं.

आणखी एक विनंती. हा हिशेब बाकीच्या मज्जासंस्थेच्या आजारांना लावू नका. माझ्या चुलत्यांना, अण्णांना पार्किन्सन आहे. त्यांची गोळी अर्धा तास पुढेमागे झाली तरी पाऊल अडखळतं. आणि फिटच्या रुग्णानं एक डोस गाळणं किंवा रात्रीची झोप मोडणं म्हणजे फिटला आमंत्रणच. माझी दुपारची गोळी कमी झाली ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, आणि सकाळची तर आजही चालू आहे.

ती दुसरी गोळी पूर्ण गेलेली नाही. जिथे आडवं व्हायला जागाच नसते अशा दिवसांसाठी डॉक्टरांनी ती ठेवलीय. लग्न, लांबचा प्रवास, जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर चालायचं असतं तो दिवस. अशा दिवशी बारालाच घेतो आणि रात्री झोप येणार नाही हे घरी आधीच सांगून ठेवतो. दहा गोळ्यांची शेवटची पट्टी गणपतीच्या आधी आणली होती. गड्डा होऊन गेला, तिच्यात अजून सहा आहेत.