मॅच बघायला घरी काय लावायचं? फ्री डिश, डीटीएच की ॲप

पाटण तालुक्यातल्या आमच्या मामांनी दिवाळीत नवा टीव्ही घेतला आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन केला. "टीव्ही आणलाय, पण मॅच बघायला आता लावायचं काय, ते सांग. दुकानदार एक सांगतो, नातू दुसरं सांगतो आणि केबलवाला तिसरंच." मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. क्रिकेट आणि कबड्डी ही त्यांची दोन जिवाभावाची माणसं. मी म्हटलं, "मामा, दोन दिवस द्या, नीट बघून सांगतो." दोनाचे आठ दिवस झाले, कारण बघायला लागल्यावर कळलं की हा प्रश्न दिसतो तितका सोपा राहिलेला नाही. गावाकडे आईवडिलांसाठी किंवा स्वतःच्या घरी हाच निर्णय अनेकांना घ्यायचा असेल, म्हणून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसायला लागलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं टीव्ही म्हणजे एकच चॅनेल. जे लागेल ते बघायचं. १९८३ ची फायनल मी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात बघितली. वाड्यात टीव्ही एकाच घरी होता, लाकडी शटरचा, काळा-पांढरा. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत पाय ठेवायला जागा नाही. एक जण गच्चीवर अँटेनापाशी, एक जिन्यात, एक दारात. आतून कोणी ओरडायचं, "गेलं, गेलं!", जिन्यातला ते वर पोचवायचा आणि वरचा अँटेना बोटभर फिरवायचा. व्हिव्ह रिचर्ड्सचा झेल कपिलने मागे पळत घेतला, तेव्हा नेमक्या पडद्यावर मुंग्या आल्या. मुंग्यांमागे कोणीतरी पळताना दिसलं, चेंडू मला दिसलाच नाही. आनंद मात्र पुरेपूर मिळाला. त्याच स्पर्धेत झिंबाब्वेविरुद्धच्या कपिलच्या नाबाद १७५ धावांचं चित्रीकरणच झालेलं नाही, हे लक्षात घेतलं तर आम्ही नशीबवानच.

आज चित्राची अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती कोणती मॅच कुठे लागणार याची. म्हणून माझा पहिला सल्ला: काय लावायचं हे ठरवण्याआधी वर्षभरात आपण काय बघतो हे कागदावर लिहा. फक्त भारताच्या वन-डे आणि टी-ट्वेंटी? आयपीएल? परदेश दौऱ्यातल्या कसोट्या? कबड्डी? या चार उत्तरांवर सगळं अवलंबून आहे.

फक्त भारताच्या मर्यादित षटकांच्या मॅच पुरेशा असतील, तर फ्री डिशला तोड नाही. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, नंतर महिन्याचं काही भरायचं नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची ही सेवा २००४ पासून आहे. तिच्यावर भारताच्या मॅच दिसतात त्या २००७ च्या एका कायद्यामुळे. राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यावंच लागतं. भारताच्या पुरुष संघाच्या वन-डे आणि टी-ट्वेंटी त्यात येतात, ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धाही येतात. आयपीएल येत नाही. प्रो कबड्डी येत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात माझ्या ओळखीतले तिघे फसलेत. "आमच्या केबलवर दूरदर्शन आहे, मग मॅच फुकट दिसणारच," असं ते धरून चालले होते. दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की खासगी वाहिनीकडून मिळालेलं हे प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं. त्यामुळे केबलवर किंवा खासगी डीटीएचवर तेच चॅनेल लावलं तरी मॅचच्या वेळी तिथे दुसरंच काहीतरी चालू असतं. मनोऱ्यांचं म्हणाल तर दूरदर्शनने बहुतेक जुने मनोरे बंद केलेत, म्हणजे छपरावरच्या अँटेनाचाही भरवसा नाही. फुकट मॅच म्हणजे फ्री डिश, एवढं पक्कं धरा. चित्र खासगी एचडीच्या मानाने जरा मऊ दिसतं. मोठ्या पडद्यावर जवळून बघणाऱ्याला ते जाणवेल, खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसणाऱ्याला नाही.

दुसरा पर्याय केबल किंवा डीटीएच. केबलचे दिवस आठवतात ना? या गच्चीवरून त्या गच्चीवर गेलेली काळी वायर आणि पहिल्या तारखेला पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहणारा पोरगा. नव्वदच्या दशकात याच वायरीने खेळ बदलला. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि क्रिकेटवाल्यांचं भांडण कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. मग खासगी चॅनेलं आली, पैसा आला, कॅमेरे वाढले. १९९८ च्या एप्रिलमधल्या सचिनच्या शारजातल्या दोन रात्री, १४३ आणि १३४, आमच्या पिढीने या वायरीवरच जागवल्या.

कॅमेऱ्यांबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात केरी पॅकर या टीव्ही वाहिनीच्या मालकाने मैदानाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावले. त्याआधी कॅमेरा एकाच टोकाला असायचा, त्यामुळे एकाआड एक षटक फलंदाजाची पाठच बघावी लागे. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला टीव्हीवर बघून बाद ठरवलेला पहिला फलंदाज आपला सचिन, धावबाद. २००१ मध्ये इंग्लंडमध्ये चेंडूचा मार्ग पडद्यावर काढून दाखवणारं हॉक-आय आलं आणि पायचीतचा वाद घरातल्या कोचावर बसून सोडवता यायला लागला. आज स्टंपमधल्या माइकमुळे यष्टिरक्षक काय पुटपुटतो तेही ऐकू येतं. हे सगळं ज्याला मनापासून आवडतं, त्याने एचडीवर चार पैसे जास्त खर्च करावेत. त्यात उधळपट्टी नाही.

डीटीएचचा खरा फायदा चित्रापेक्षाही मोठा आहे: ते घरातल्या सगळ्यांना चालवता येतं. रिमोटवर नंबर दाबला की मॅच. फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेलं सुटी निवडता येतात, म्हणजे पन्नास मालिकांचा गठ्ठा न घेता मूळ शुल्क आणि वर फक्त क्रीडा चॅनेलं असं जमतं. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. आणि हंगाम संपला की क्रीडा चॅनेल काढून टाकता येतं. आमच्या शेजारच्या काकू जून ते ऑगस्ट बंद ठेवतात आणि वर्षाला चांगले पैसे वाचवतात.

मात्र पाऊस. पाटणसारख्या ठिकाणी हा किरकोळ मुद्दा नाही. उपग्रहाकडून येणारे हे सिग्नल जोराच्या सरीत अडतात, आणि कोयनेच्या बाजूला जुलैमध्ये सरी थांबतात कुठे? फ्री डिशचंही तेच होतं. छत्री जरा मोठी आणि घट्ट बसवली तर फरक पडतो, पण धो-धो कोसळताना काहीच चालत नाही, हे आधीच मान्य करून टाकावं. आपल्याकडची बरीचशी मॅच पावसाळ्यानंतर असतात, तेवढा दिलासा.

तिसरा पर्याय ॲप. तरुण मुलांना विचाराल तर ते दुसरं काही लावूच नका म्हणतील, आणि त्यांचं बरंचसं खरं आहे. २०२३ च्या आयपीएलपासून टीव्हीचे आणि डिजिटलचे हक्क वेगवेगळे विकले गेले. टीव्हीचे पाच वर्षांसाठी २३,५७५ कोटींना, डिजिटलचे त्याला लागूनच. त्या वर्षी मोबाइलवर आयपीएल फुकट होतं, मराठी समालोचनही होतं. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी ऐकून मोठे झालेले आमचे मामा मोबाइल कानाशी धरून ऐकत बसायचे, चित्र न बघता. २०२५ च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र झाले आणि आयपीएल पुन्हा पैसे भरून बघायचं झालं. फुकटची सवय लावून नंतर दर लावतात, हे लक्षात ठेवूनच हिशोब करा.

ॲपचं खरं सामर्थ्य क्रिकेटबाहेर दिसतं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरीकडच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं. एका चॅनेलच्या जमान्यात नेमबाजीची ती फेरी कोणी दाखवली असती? ॲपवर एकाच वेळी अनेक खेळ चालू असतात, आपण आपला निवडायचा. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून स्वप्निलचा एकेक नेम बघितला. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्य जिंकलं, तेव्हा देशात टीव्हीच नव्हता. मामांच्या वडिलांना ती बातमी वर्तमानपत्रात वाचून कळली होती. बहात्तर वर्षांनी वैयक्तिक पदक मिळवणारा दुसरा मराठी गडी मी प्रत्यक्ष नेम धरताना बघितला, यासाठी मी ॲपचा कायमचा ऋणी आहे.

तोटे दोन, आणि दोन्ही मोठे. पहिला उशीर. ॲपवरचं चित्र डीटीएचच्या मागे असतं, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र घ्या. नवी मुंबईत महिला विश्वचषकाची फायनल, मध्यरात्र झालेली, दक्षिण आफ्रिकेची शेवटची जोडी मैदानात. आमच्या घरी ॲप लावलेलं. दीप्ती शर्मा अजून चेंडू हातात घेऊन मागे चालली होती, आणि खालच्या मजल्यावरून आरोळी आली, पाठोपाठ फटाका. माझ्या मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बाबा, मला नाही ऐकायचं!" पण कळलंच होतं. मग पडद्यावर चेंडू उडाला, हरमनप्रीत मागे गेली आणि तिने झेल घेतला. मुलगी नाचली, रडलीसुद्धा. पण तो एक क्षण, चेंडू हवेत असतानाचा, तिचा गेला तो गेलाच. १९८३ ला मला चेंडू दिसला नव्हता, तरी निकाल मला कोणी आधी सांगितला नव्हता. दाट वस्तीत किंवा सोसायटीत राहत असाल तर या एका कारणासाठी डीटीएच ठेवा, असं मी ठामपणे सांगेन.

दुसरा तोटा वयस्कर माणसांचा. लॉगिन, ओटीपी, "तुमचं सत्र संपलं आहे", ॲप अपडेट. यातलं काहीही ऐन मॅचच्या वेळी आलं की मामांसारखा माणूस टीव्ही बंद करून ओसरीवर जाऊन बसतो. शिवाय स्वस्त प्लॅन बहुधा फक्त मोबाइलसाठी असतो, टीव्हीवर चालत नाही. पैसे भरण्याआधी ते वाचा. आणि मोबाइलचा रोजचा दोन जीबी डेटा मोठ्या पडद्यावर एका मॅचलाही पुरत नाही, त्यामुळे घरात फायबर नसेल तर ॲपचा विचार टीव्हीसाठी करूच नये.

आणखी एक गुंता दोन्ही पर्यायांना लागू आहे. हक्क विखुरलेले आहेत. २०२५ चा भारताचा इंग्लंड दौरा टीव्हीवर सोनीच्या चॅनेलांवर होता आणि मोबाइलवर जिओहॉटस्टारवर. ज्याने टीव्हीवर फक्त स्टार घेतलं होतं, त्याला लॉर्ड्स दिसलं नाही. म्हणून वर्षभराचं एकदम भरू नका. मालिका कुठे आहे ते बघा आणि महिन्याचं भरा.

तर माझं मत असं. फायबर असलेलं शहरातलं घर, तरुण माणसं, वेगवेगळे खेळ बघायची आवड: ॲप, टीव्हीवर चालणाऱ्या प्लॅनसह. घरात आजी-आजोबा, सोसायटी, आयपीएल आणि कबड्डी: डीटीएच, सुटी चॅनेलं निवडून. गावचं घर, हात आखडता, भारताची मॅच तेवढी हवी: फ्री डिश, डोळे झाकून. दोन्ही परवडत असतील तर टीव्हीवर डीटीएच आणि प्रवासासाठी मोबाइलवर स्वस्तातलं ॲप, ही जोडी मला सर्वांत बरी वाटते.

मामांचं प्रकरण यातल्या कुठल्याच खान्यात नीट बसेना. त्यांना फ्री डिश पुरली असती, पण कबड्डी राहिली असती. पुणेरी पलटणची मॅच चुकवणं त्यांना जमत नाही. शेवटी डीटीएच घेतलं, मूळ पॅक आणि वर दोन क्रीडा चॅनेलं. मागच्या शनिवारी जाऊन मीच लावून आलो. वहीचा एक कागद फाडून त्यावर ठळक अक्षरांत चॅनेलचे नंबर आणि रिचार्जची तारीख लिहिली आणि टीव्हीशेजारच्या भिंतीवर चिकटवली. मामांनी चष्मा लावून वाचलं, मग पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: "पावसात गेलं तर दहा मिनिटं थांबणे, पोरांना फोन करू नये."