मास्टर्सचा थीसिस: रिझर्व्हॉयरमध्ये की ड्रिलिंगमध्ये?

पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला आलेल्या बहुतेकांना लवकरच ठरवावं लागतं की थीसिस रिझर्व्हॉयरमध्ये (जमिनीखालच्या तेलसाठ्याचा अभ्यास) करायचा की ड्रिलिंगमध्ये (विहीर खोदण्याचं तंत्र). प्रॉडक्शन, म्हणजे तेल वर काढणं, हा तिसरा रस्ता आहे आणि तोही चांगला आहे, पण माझी ओढाताण या दोघांतच झाली, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो. मी ड्रिलिंग घेतलं. रिझर्व्हॉयरबद्दल मनात आदर आहे; नुसत्या विषयाचं बोलायचं तर आजही मला तोच जास्त देखणा वाटतो.

बकली आणि लेव्हरेट यांचं 1942 चं समीकरण सोडवलं की तेलाला ढकलत पुढे येणाऱ्या पाण्याची उभी कड आलेखात उमटते. हॅव्हलेना आणि ओडेह यांची 1963 ची मांडणी तर त्याहून साधी. तेलाच्या वर वायूचा थर (गॅस कॅप) नसेल आणि बाहेरून पाण्याचा रेटा नसेल, तर उत्पादनाच्या आणि दाबाच्या नोंदींतून एक सरळ रेषा निघते, आणि तिच्या चढावरून खाली मुळात किती तेल होतं ते वाचता येतं. ड्रिलिंगमध्ये असं सौंदर्य कमी. तिथली बरीच सूत्रं अनुभवाच्या आकड्यांवर बसवलेली असतात आणि गणिताची गोडी असलेल्याला सुरुवातीला ती रूक्ष वाटतात. टीलने 1965 मध्ये मांडलेली मेकॅनिकल स्पेसिफिक एनर्जी हा मला आवडलेला अपवाद. एकक घनफळ खडक फोडायला किती ऊर्जा लागली, एवढंच ती सांगते. तो आकडा खडकाच्या ताकदीपेक्षा फारच वर गेला, की ऊर्जा कंपनांत किंवा झिजलेल्या बिटवर (खडक फोडणाऱ्या टोकावर) वाया जातेय हे समजतं.

एवढं असूनही मी रिझर्व्हॉयर घेतलं नाही, ते हिस्टरी मॅचिंगमुळे, म्हणजे मॉडेल जुन्या नोंदींशी जुळवण्याच्या कामामुळे.

रिझर्व्हॉयरचे बरेच थीसिस कुठल्या ना कुठल्या वळणावर तिथे पोहोचतातच. विहिरींच्या जुन्या नोंदी एका बाजूला, सिम्युलेटरचा वक्र दुसऱ्या बाजूला. वॉटर कट, म्हणजे वर येणाऱ्या द्रवातला पाण्याचा वाटा, जुळत नाही. मग विहिरीभोवतीची पर्मिएबिलिटी (खडकातून द्रव किती सहज वाहतो ते) वाढवून बघा, फॉल्टमधून (खडकातल्या भ्रंशातून) जाणारा प्रवाह कमी करा, अ‍ॅक्विफर (साठ्याला लागून असलेला पाण्याचा थर) थोडा मोठा करा. शेवटी वक्र जुळतो. पण फॉल्टला हातही न लावता ज्याने रिलेटिव्ह पर्मिएबिलिटीचे (तेल आणि पाणी एकत्र असताना प्रत्येक किती सहज वाहतं त्याचे) वक्र वाकवले, त्याचाही जुळतो. आमच्या एका टर्म प्रोजेक्टमध्ये मी आणि माझ्या मित्राने एकच मॉडेल वेगवेगळ्या वाटांनी जुळवलं. भूतकाळ दोघांचाही नीट बसला. नवी विहीर कुठे घ्यावी, याची उत्तरं मात्र फील्डच्या दोन टोकांना. सरांनी दोघांनाही चांगले मार्क दिले आणि ते रास्तच होतं, कारण कोण चुकलंय हे दाखवणारं हातात काहीच नव्हतं.

यात सिम्युलेटरचा दोष नाही. अज्ञात गोष्टी हजारो आणि मोजमापं मोजक्या विहिरींत, म्हणजे उत्तर एकच येणार नाही हे ठरलेलंच. पंक-एस3 हे सरावाचं मॉडेल बघा: जाळं 19×28×5 चं, त्यात चालू घरं 1,761, म्हणजे अगदी लहान. तरी इतिहास जुळवलेली वेगवेगळी मॉडेल्स पुढच्या उत्पादनाचे वेगवेगळे अंदाज देतात. एकाऐवजी शंभर मॉडेल्स घेऊन ही अनिश्चितताच मोजायची, हा त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे आणि काहींना तोच या विषयाचा गाभा वाटतो. तुम्हालाही वाटत असेल तर बिनधास्त तिकडे जा. मला मात्र दिवसभर काम करून संध्याकाळी ‘हे बरोबर आहे का?’ याचं उत्तर न मिळणं सोसलं नाही.

ड्रिलिंगमध्ये काय फरक पडला, ते टॉर्क आणि ड्रॅगच्या (विहिरीतले पाइप फिरवताना आणि सरकवताना होणाऱ्या विरोधाच्या) उदाहरणाने सांगतो. घर्षणाचा गुणांक तिथेही अंदाजाने धरावा लागतो. केसिंगमध्ये (विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीत) साधारण 0.2, उघड्या भोकात 0.3 धरून सुरुवात करतात. पण स्ट्रिंग (खोदण्याच्या पाइपांची माळ) वर ओढताना, खाली सोडताना आणि नुसती फिरवताना रिगच्या हुकवर किती वजन आलं, अशा तीन नोंदी मिळतात आणि एकच गुणांक त्या तिन्हींना पटावा लागतो. पुढे खोली वाढत जाते तशा नव्या नोंदी येत राहतात. ओढण्याचं वजन अपेक्षित रेषेपासून हळूहळू सुटू लागलं तर कटिंग्ज (फुटलेल्या खडकाचे तुकडे) साचल्याची शंका येते. मड (खोदताना वापरायचा द्रव) फिरवून भोक साफ केल्यावर बिंदू पुन्हा रेषेवर आले, तर शंका खरी होती. नाही आले, तर कारण दुसरीकडे शोधायचं. मॉडेलला असं रोज कोणीतरी हो किंवा नाही म्हणतं, याचं मला अजून समाधान वाटतं.

डेटाची अडचण दोन्हीकडे सारखीच, कंपन्या सहज देत नाहीत. नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने 2018 मध्ये उत्तर समुद्रातल्या व्होल्व्ह या तेलक्षेत्राचा डेटाचा साठा खुला केला, त्यात रिझर्व्हॉयरचं मॉडेलही आहे आणि ड्रिलिंगच्या रिअल-टाइम नोंदीही.

नोकरीच्या बाबतीत मी जपूनच बोलेन. रिगवरच्या पाळ्या सगळ्यांना मानवत नाहीत. तेलाच्या पलीकडे बघायचं तर कार्बन साठवणुकीत रिझर्व्हॉयरवाल्यांचं पारडं जड आहे. नॉर्वेच्या स्लाइप्नर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात 1996 पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडला जातोय. भूऔष्णिक ऊर्जेत मात्र विहीर खोदण्याचा खर्चच मोठा असतो, आणि अमेरिकेतल्या युटाच्या फोर्ज या भूऔष्णिक प्रकल्पात कठीण ग्रॅनाइट पीडीसी बिटने (कृत्रिम हिऱ्यांचे दाते असलेल्या बिटने) वेगाने खोदताना टीलचाच हिशोब कामी आला.

अजून ठरत नसेल तर व्होल्व्हचा साठा उतरवून घ्या आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं काम करून बघा. गाईड निवडण्याआधी त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या थीसिसमधलं निकालांचं प्रकरण मागून वाचा, आणि निकाल कशाशी ताडून पाहिलेत तेवढं तपासा.