बालवाडीत रुळवताना काय उपयोगी पडलं : जून ते फेब्रुवारीचा अनुभव

आमची लेक गेल्या जूनपासून पुण्यात कर्वेनगरातल्या एका छोट्या मराठी बालवाडीत जाते. तिला रुळवायला घरी आणि शाळेत जे जे केलं, त्यातलं काय टिकलं आणि काय फुकट गेलं, हे आता सांगता येईल.

सगळ्यात आधी वय बघा. महाराष्ट्रात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये जेमतेम अडीच वर्षांचं असतं आणि त्याच्या शेजारी बसणारं जवळजवळ साडेतीनचं. या वयात हा फरक प्रचंड असतो. आमची लेक नोव्हेंबरची. तेव्हा सोसायटीतलं दुसरं मूल पहिल्याच दिवशी हसत गेलं, हे ऐकून मन लहान करून घेऊ नका.

सगळ्यात मोलाचं ठरलं ते शाळेचं धोरण. सुरुवातीला घरच्या एका माणसाला वर्गात बसू दिलं, मग व्हरांड्यात, मग फाटकापाशी. आमच्याकडून आबा, म्हणजे तिचे आजोबा, बसले. त्यांनी कोपऱ्यात नुसतं बसून राहायचं, खेळवायचं नाही, हे वर्गाच्या ताईंनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे लेक पाच-दहा मिनिटांनी एकदा मागे वळून बघायची आणि परत ठोकळ्यांकडे जायची. दारातून रडतं मूल ओढून घेणाऱ्या शाळाही मी पाहिल्या आहेत. ‘दोन दिवस रडेल, मग गप्प बसेल’ असं तिथे सांगतात. गप्प बसणं आणि रुळणं यांत फार फरक आहे, आणि तो मुलाच्या झोपेत, जेवणात दिसतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण घरचा एक माणूस आठवडाभर वर्गात बसू देणं कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे.

निरोपाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे : मूल खेळात रमलेलं बघून गुपचूप सटकू नये. त्या दिवसापुरतं रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल पाठ सोडत नाही, कारण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे त्याला कळलेलं असतं. आम्ही एक पापी, एक टाळी, ‘येते गं’ एवढंच ठेवलं आणि निघालो. ती रडत असली तरी परत फिरलो नाही. रडणं बहुतेक वेळा मी कोपऱ्यावर पोचेपर्यंत थांबायचं, हे शाळेतल्या मदतनीस मावशी नंतर सांगायच्या.

‘लवकर येते हं’ याला तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो, त्याला घड्याळ कळत नाही. आम्ही क्रम सांगितला : प्रार्थना, खेळ, डबा, गोष्ट, मग आबा. गोष्ट संपली की आबा दिसलेच पाहिजेत, म्हणून ते दहा मिनिटं आधीच जाऊन उभे राहतात. कर्वे रोडच्या गर्दीचा भरवसा नाही, त्यामुळे दुपारचं न्यायचं काम आम्ही नोकरी करणाऱ्यांपैकी कुणावर ठेवलंच नाही.

घरी आल्यावर चिडचिड, लोळण, भोकाड हे महिनाभर चाललं. शाळेत धरून ठेवलेलं सगळं घरी बाहेर पडतं. ‘आज काय शिकवलं?’ विचारण्यापेक्षा वरणभात भरवून झोपवणं बरं. मग संध्याकाळी, मी भांडी घासत असताना, ती आपणहून वर्गातलं गाणं म्हणते.

रडणं परतही येतं. तिसऱ्या आठवड्यात नवेपण ओसरल्यावर आलं, गणपतीनंतर आलं, पावसाळ्यात तापाने चार दिवस घरी राहिल्यावर आलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर जूनसारखंच. ताईंनी न बोलता आबांना पुन्हा खुर्ची दिली, दोन दिवसांत गाडी रुळावर.

वस्तूंपैकी कामाला आल्या त्या अगदी साध्या. तिला स्वतःला उघडता येईल असा डबा (दुकानातच तिच्याकडून उघडून बघा), वेल्क्रोचे बूट, नाडी नसलेली चड्डी, आणि आजीच्या जुन्या साडीचा हातरुमालाएवढा तुकडा. तो अजून दप्तरात असतो. ‘शू आली’ हे ती घरी कसं म्हणते, तेही ताई-मावशींना सांगून ठेवा. अक्षरांचे तक्ते आणि मोबाइलवरची शिकवणारी ॲप आम्ही घेतली नाहीत, आणि त्यावाचून काही अडलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या वयासाठी भर खेळावरच आहे.

या पद्धतीला वेळ लागतो, आणि घरात आजीआजोबा नसतील तर दोघांपैकी एकाला जूनमध्ये रजा काढावीच लागते. ती मे महिन्यात काढण्यापेक्षा राखून ठेवा.

शाळा बघायला जाल तेव्हा डबा खायच्या वेळेला जा. रडणाऱ्या मुलाजवळ कोण बसलंय ते बघा, आणि फी विचारायच्या आधी पालकाला आत किती दिवस बसू देता, ते विचारा.