वायर स्ट्रिपर कोणता घ्यावा? काही महिने तीन प्रकार वापरल्यानंतर

माझ्याकडे सध्या तीन स्ट्रिपर, म्हणजे वायरीवरचं आवरण (साल) सोलायची हत्यारं, आहेत. एक ठरावीक मापांच्या भोकांचा साधा, दुसरा एका दाबात साल कापून ओढून काढणारा ऑटोमॅटिक, आणि तिसरा बारीक वायरींचा छोटा. स्विचबोर्डची दुरुस्ती, लहान कंट्रोल पॅनेल, सोल्डरिंग अशा सगळ्या कामांत गेले काही महिने ते आलटूनपालटून वापरतोय. कोणाचा हात कुठे बसतो हे आता नीट कळलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

स्ट्रिपर किती पटकन सोलतो हे मी शेवटी बघतो. आधी बघतो ते सोललेलं तांबं. एकेरी, म्हणजे सॉलिड तार असेल तर जिथे साल संपते तिथे नखाने चाचपायचं आणि भिंगाखाली बघायचं. पात्याची गोल खूण दिसली की त्या ठिकाणी तार कमजोर झाली असं समजायचं. असं टोक दोन-चार वेळा मागेपुढे वाकवलं की नेमकं त्या खुणेवरच तुटतं, आणि बोर्डात वायर कोंबताना आपण तिला वाकवतोच. बारीक तारांच्या लवचिक वायरीत नुकसान वेगळं दिसतं: सालीसोबत दोन-तीन तारा निघून येतात. दीडच्या (म्हणजे दीड चौ. मिमी तांब्याच्या) लवचिक वायरीत साधारणपणे ०.२५ मिमीच्या ३० तारा असतात. त्यातल्या पाच गेल्या की टर्मिनलशी, म्हणजे वायर जोडायच्या जागी, येणारं सहाव्या हिश्श्याचं तांबं गेलं. म्हणून निघालेल्या सालीच्या तुकड्यात डोकावून बघायची सवय ठेवा. आत तारांचे तुकडे दिसले तर ते टोक कापून पुन्हा सोलायचं.

आता भोकांचा स्ट्रिपर. सॉलिड वायरीसाठी माझा सगळ्यात भरवशाचा हाच, आणि बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काही नाही. पण खरेदी करताना एक गोष्ट फार महत्त्वाची, आणि तिच्याकडेच बहुतेकांचं लक्ष जात नाही: भोकांवरचे आकडे कोणत्या मापाचे आहेत? बाजारातल्या पुष्कळ स्ट्रिपरवर एडब्ल्यूजी, म्हणजे अमेरिकन गेज असतं. आपली वायर चौरस मिलिमीटरमध्ये असेल तर ही दोन मापं एकमेकांवर बसत नाहीत. १४ गेज म्हणजे २.०८ चौ. मिमी आणि १२ गेज म्हणजे ३.३१. अडीचची वायर बरोबर या दोन्हींच्या मध्ये येते. दीडचीही तीच गत, १६ गेज (१.३१) आणि १४ गेज यांच्यामध्ये.

व्यासात बघितलं की चित्र जास्त स्पष्ट होतं. अडीचच्या सॉलिड तारेचा व्यास साधारण १.७८ मिमी. १४ गेजच्या तारेचा १.६३. त्या भोकात अडीचची वायर दाबली की पातं तांब्यात शिरणारच. १२ गेजच्या तारेचा व्यास २.०५, म्हणजे त्या भोकात सालीचा सव्वा दशांश मिलिमीटरच्या आसपासचा थर कापायचा राहतो. तो ओढल्यावर फाटून येतो, कडा जरा दातेरी दिसते, पण तांबं शाबूत राहतं. त्यामुळे गेजचाच स्ट्रिपर हातात असेल तर नेहमी मोठं भोक घ्यायचं. नवीन घेणार असाल तर चौ. मिमीचे आकडे असलेलाच शोधा. बरं, लवचिक वायरीत तारांच्या मधे फटी असल्यामुळे तेवढ्याच तांब्याची वायर सॉलिडपेक्षा जाड भरते. चांगल्या स्ट्रिपरवर एकाच भोकाच्या दोन बाजूंना सॉलिड आणि लवचिक असे वेगळे आकडे कोरलेले असतात. ते आकडे छापलेले नसून कोरलेले असावेत. छापील आकडे वापराने पुसट होतात आणि मग अंदाजपंचे काम सुरू होतं.

ऑटोमॅटिक स्ट्रिपरने मला पॅनेलच्या कामात अक्षरशः वाचवलं. एक जबडा वायर पकडतो, दुसऱ्यातली पाती साल कापतात आणि मूठ दाबत जाल तशी साल मागे सरकून सुटते. अर्ध्यापासून अडीचपर्यंतच्या साध्या पीव्हीसी वायरीवर टोकामागून टोक एकसारखं निघतं. मनगट पिळावं लागत नाही, हा दिवसभराच्या कामात मोठा दिलासा. आतल्या लांबीच्या अडणीचा, म्हणजे वायरीला ठरवलेल्या लांबीवर अडवणाऱ्या तुकड्याचा, फायदा तर फारच. टर्मिनलला किती उघडं तांबं लागतं ते बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, वागो कंपनीच्या २२१ मालिकेतल्या नेहमीच्या छोट्या लिव्हर कनेक्टरला ११ मिमी लागतं. अडणी एकदा ११ वर लावली की प्रत्येक टोक तेवढंच. कमी सोललं तर क्लॅम्प साल पकडतो आणि जोड सैल राहतो, जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर डोकावतं. दोन्ही धोकादायक.

पण ऑटोमॅटिक आहे म्हणून तो सगळं ओळखतो असं समजू नका. त्याच्यावर एक छोटा स्क्रू किंवा चाक असतं, पात्यांचा दाब कमीजास्त करायला. नवीन रीळ उघडलं की आधी तुकड्यावर दोन-तीनदा सोलून तो दाब बसवायचा. थंडीत पीव्हीसी कडक होतं, उन्हात नरम पडतं, तेव्हाही जरा हात लावावा लागतो. माझ्याकडच्या यंत्राचा हा स्क्रू वापरता वापरता आपोआप सैल होतो, ही त्याची खरी खोट. लांबीची प्लास्टिकची अडणीही आता पूर्वीसारखी घट्ट बसत नाही, म्हणून मधूनमधून पट्टी लावून तपासतो.

त्याला न झेपणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. ०.२ चौ. मिमीच्या खाली गेलात की एकतर साल सुटत नाही किंवा तारा तुटतात. सिलिकॉनची मऊ साल कापली जाण्याऐवजी ताणली जाते. टेफ्लॉनची साल इतकी गुळगुळीत की पकडणारा जबडा घसरतो. नरम सालीवर जबड्याच्या दातांचे ठसे उमटतात. पातळ सालीच्या वायरीवर ते मला अजिबात चालत नाहीत. शिवाय त्याचं तोंड जाड. भिंतीतल्या डबीत दोन बोटं लांबीची वायर उरली असेल तर तो आत जातच नाही, तिथे पुन्हा भोकांचाच काढावा लागतो. सरळ किंवा व्ही आकाराच्या पात्यांऐवजी वायरीच्या गोलाईप्रमाणे बसणारी पाती असलेले महागडे ऑटोमॅटिकही मिळतात. बारीक वायरीचं काम जास्त असेल तर पाकिटावरची खालची मर्यादा नीट वाचा, प्रत्येक मॉडेलची वेगळी असते.

छोटा स्ट्रिपर २० ते ३० गेजचा. ३० गेजच्या तारेचा व्यास जेमतेम पाव मिलिमीटर, तिथे दुसरं काही चालत नाही. टेफ्लॉनच्या बारीक वायरीसाठी भोकाची कडा अतिशय धारदार असावी लागते. गरम पात्याचा स्ट्रिपर त्याहून छान, तारेला ओरखडाही येत नाही, पण टेफ्लॉन जास्त तापलं की निघणारा धूर घातक असतो, त्यामुळे हवा खेळती हवीच.

केबलच्या बाहेरच्या जाड सालीसाठी या तिघांपैकी एकही वापरू नका. त्यासाठी खोली ठरवता येणारं पातं असलेलं वेगळं साधन मिळतं. ते गोल फिरवून सालीला अर्धवट चीर पाडायची आणि मग वाकवून उरलेली फोडायची, म्हणजे आतल्या वायरींना पातं लागत नाही. नुसती सुरीच हाताशी असेल तर पेन्सिल तासतो तशी ती तिरकी चालवावी, आडवी गोल कधीच नाही.

मुठीबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. रंगीत रबरी आवरण म्हणजे शॉकपासून संरक्षण नव्हे, ते फक्त पकडीसाठी असतं. विजेपासून संरक्षण देणाऱ्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्ही असं लिहिलेलं असतं, त्याचं मानक आयईसी ६०९००. तसं हत्यार असलं तरी मी आधी मेन बंद करून टेस्टरने खात्री करतो, मगच वायरीला हात लावतो.

पहिलाच स्ट्रिपर घेणाऱ्याला मी चौ. मिमीच्या आकड्यांचा, परत उघडणारी स्प्रिंग आणि बंद ठेवायची कडी असलेला भोकांचा स्ट्रिपर घ्यायला सांगेन. एकाच मापाची पुष्कळ टोकं रोज सोलायची असतील तर त्याच्या जोडीला ऑटोमॅटिक, आणि त्याची बदलीची पाती वेगळी मिळतात का हे आधी विचारून घ्या. माझ्या ऑटोमॅटिकची पाती अजून धारदार आहेत, पण जबड्यात सालीचे बारीक कण अडकून पकड घसरायला लागते. जुन्या टूथब्रशने ते झाडले की पुन्हा नीट चालतो. तेल द्यायचंच तर फक्त सांध्यावर एक थेंब, जबड्याच्या दातांवर नको, नाहीतर वायर निसटायला लागते.